परवाना कार्ड, एक नग

तेर आणि ढोकी यांच्या मधे, डांबरी रस्ता सोडून थोडं आत गेलं की एक खाजगी अनुदानित विद्यालय लागतं. तिथे विष्णुपंत मुख्य लिपिक होते. त्या विद्यालयातली सगळी अक्कल आपल्या टेबलापाशी सुरू होते आणि तिथेच संपते, याबद्दल त्यांना तेहेतीस वर्षांत एकदाही शंका आली नव्हती. घराणं तुळजापूरचं, तीन पिढ्यांच्या कारकुनीचं. आजोबांनी निजामाच्या कचेरीत उर्दूत लिहिलं, वडिलांनी शिक्षण खात्यात मराठीत लिहिलं, आणि विष्णुपंत इथे बसून दोघांचाही तोरा एकट्यानं मिरवत. शिक्षक म्हणजे वर्गात ओरडणारी माणसं, पालक म्हणजे पोराची जन्मतारीख चुकीची सांगणारी माणसं, आणि मुख्याध्यापक म्हणजे दाखवू तिथे सही करणारा हात, अशी त्यांच्या डोक्यातली वर्गवारी होती. सगळे त्यांना 'भाऊसाहेब' म्हणत.

असा माणूस कामचुकार असता तर बरं झालं असतं. लोकांनी मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या असत्या आणि विषय संपला असता. पण विष्णुपंत चोख होते. वेळेवर येत, वेळेवर जात, कुणाच्या चहाचेही मिंधे नसत. चोखपणाचा माज इतर कुठल्याही माजापेक्षा वाईट, कारण त्याला बोट लावायला जागा मिळत नाही.

त्यांचा जीव होता डेडस्टॉक रजिस्टरात. शाळेत आलेली टिकाऊ वस्तू या रजिस्टरात चढते, तिला नंबर पडतो आणि तो नंबर वस्तूवर ऑइलपेंटनं रंगवला जातो. हा नियम सगळ्याच शाळांत आहे. पण इतर शाळा बाकं, कपाटं आणि पंखे रंगवून थांबतात. विष्णुपंतांच्या अमलाखाली घंटा, घंटेचा हातोडा, फळ्याची लाकडी पट्टी आणि पृथ्वीचा गोल यांच्यावरही नंबर पडले होते. गोलावरचा नंबर नेमका ऑस्ट्रेलियावर आला होता आणि भूगोलाचे सर पाच वर्षं ते खंड हातानं हवेत काढून शिकवत होते. हे रंगकाम करायचा शिपाई सिद्रामप्पा. तो मूळचा कर्नाटकाच्या सीमेवरचा, बोलायला गरीब आणि ब्रशाला पक्का.

त्या गुरुवारी सकाळी अकराच्या सुमाराला कार्यालयातल्या नव्या कॉम्प्युटरवर एक लाल पट्टी आली. पत्रं लिहायचं आणि तक्ते भरायचं जे सॉफ्टवेअर होतं, ते उघडत होतं, आतलं सगळं वाचताही येत होतं, पण एक अक्षर टाइप होईल तर शपथ. पट्टीवर लिहिलं होतं की चाचणीची मुदत संपली आहे, परवाना क्रमांक टाका.

"आलं?" विष्णुपंत खुर्चीतून न उठता म्हणाले. "मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो."

त्यांनी पहिल्या दिवसापासून काहीच सांगितलं नव्हतं. पण त्यांना आनंद झाला हे खरं, आणि तो त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता.

कॉम्प्युटरसमोर निकिता बसली होती. ही कनिष्ठ लिपिक. ढोकीच्या बलभीम नावाच्या शेतकऱ्याची मुलगी, घरी चार एकर ऊस, आणि ती त्या घरातली पहिली नोकरदार. मानधनावर तिची तीन वर्षं नुकतीच पुरी झाली होती. आता तिला कायम करण्याचा प्रस्ताव धाराशिवला शिक्षण कार्यालयाच्या शिबिरात जायचा होता, आणि शिबिराचा शेवट आजच पाच वाजता होता. पुढचं शिबिर कधी लागेल हे खुद्द शिक्षण कार्यालयालाही माहीत नसतं. प्रस्तावातला तक्ता कॉम्प्युटरवरच भरलेला हवा, हातानं लिहिलेला घेत नाहीत. आणि त्या तक्त्याला मुख्य लिपिकाचा अभिप्राय जोडायचा असतो: तीन वर्षांचं काम समाधानकारक की असमाधानकारक.

प्रस्ताव शेवटच्या दिवसापर्यंत लोंबकळत का राहिला, तर विष्णुपंतांची पद्धत. लवकर पाठवलेल्या कागदात साहेबांना चुका काढायला वेळ मिळतो, म्हणून कागद शेवटच्या दिवशीच न्यायचा. शिवाय कुणाचं नशीब आपल्या टेबलाच्या खणात आठवडाभर ठेवायला त्यांना आवडत असे.

"भाऊसाहेब," निकिता म्हणाली, "ते परवान्याचं कार्ड द्या आता तरी. त्याच्यावरचा नंबर टाकला की दोन मिनटांत सुरू व्हईल."

"कार्ड डेडस्टॉकला आहे."

"ते माहितेय. मी तीनदा मागितलं तुमाला. कॉम्प्युटर खोक्यातनं काढला त्या दिवशी मागितलं, मग पंधरा आगस्टानंतर मागितलं—"

"आणि मी तीनदा सांगितलं. नोंद झालेली वस्तू कपाटाबाहेर खेळायला मिळत नाही. सॉफ्टवेअर विकत घेतलंय, पावती फाइलला आहे, वस्तू कपाटात आहे. तरी बंद पडतंय म्हणजे काय समजायचं माणसानं?"

माणसानं काय समजायचं ते त्यांनी केव्हाच समजून घेतलं होतं. चार महिन्यांपूर्वी धाराशिवच्या दुकानातून कॉम्प्युटर आणि सॉफ्टवेअरचा डबा निकितानं आणला होता. पुढे तीन महिने कॉम्प्युटर खोक्यातच राहिला, कारण उद्घाटनाला संस्थेच्या अध्यक्षांना वेळ नव्हता. अध्यक्षांनी नारळ फोडला आणि महिनाभरात हे झालं. म्हणजे दुकानदारानं ढोकीच्या या पोरीच्या गळ्यात बनावट माल मारला आणि हिला कळलंही नाही. कळणार कसं? उसाच्या फडातून उठून थेट कार्यालयात आलेली माणसं ही. विष्णुपंतांनी अभिप्रायाचा मजकूर मनात जुळवूनही ठेवला होता: 'बनावट सॉफ्टवेअर खरेदी करून संस्थेची फसवणूक ओढवून घेतली. काम असमाधानकारक.' वाक्य त्यांना फार आवडलं होतं. फक्त 'बनावट' हा शब्द कुणातरी अधिकारी माणसाच्या तोंडून वदवून घ्यायचा राहिला होता.

म्हणून ते उठले, निकिताला खुर्चीवरून उठवलं आणि स्वतः सॉफ्टवेअर कंपनीच्या वेबसाइटवरच्या मदतीच्या पानावर गेले.

एका बोटानं टाइप करणाऱ्या माणसाची तिथे जी गत होते ती झाली. त्यांनी लिहिलं, 'सॉफ्टवेअर बनावट आहे काय'. पानानं नऊ लेख पुढे केले. पहिल्यात परवाना म्हणजे काय ते होतं, दुसऱ्यात परवाना एका माणसाचा की एका यंत्राचा ते होतं, तिसऱ्यात पहिले दोन वाचा असं होतं. प्रत्येक लेखाखाली विचारलं होतं, 'या माहितीचा उपयोग झाला का?' विष्णुपंतांनी प्रत्येक ठिकाणी 'नाही' दाबलं आणि कुणीतरी माफी मागायला येईल म्हणून थांबले. पान म्हणालं, 'आपल्या अभिप्रायाबद्दल आभार.' मग एका चर्चेच्या जागी त्यांना कुणी परदेशी गृहस्थ सापडला. त्यानं अशाच अडचणीतल्या दुसऱ्या कुणाला आधी तब्येत विचारली होती, मग त्याचं दुःख आपण समजू शकतो असं लिहिलं होतं आणि शेवटी परवाना क्रमांक टाकायला सांगितलं होतं.

"बिनकामाची जात," विष्णुपंत म्हणाले. "फुकटात उपदेश करतात."

"त्यानं बी नंबरच टाका म्हनलंय की," निकिता म्हणाली.

"तुला विचारलं का?"

तेवढ्यात मुख्याध्यापक भीमाशंकर सर आत आले. सर सज्जन होते. म्हणजे कुठल्याही भांडणात दोन्ही बाजूंना मान हलवायचे.

"अवो भाऊसाहेब, पोरीचा प्रस्ताव जायचाय न्हवं आज? सव्वादोनची गाडी गेली की मग काय खरं नाही."

"बसा सर. तुमच्यासमोरच सोक्षमोक्ष लावतो. कंपनीच्या तोंडूनच ऐका काय माल आणलाय तो."

निकितानं कंपनीच्या पानावरूनच मदतीचा फोन नंबर काढून दिला. विष्णुपंतांनी तो आधी इंटरनेटवर दुसरीकडेच शोधला, तिथे तीन वेगवेगळे नंबर निघाले, आणि मग नाइलाजानं तिनं दिलेला लावला. आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा फोन टेबलावर ठेवला. तिकडून एक मुलगी बोलली. मराठीसाठी दोन दाबल्यामुळे ती मराठी बोलत होती.

"नमस्कार, मी भैरवी बोलतेय. मी आपली काय मदत करू?"

"मदत नकोय. एका प्रश्नाचं उत्तर हवंय. आमच्याकडं तुमच्या नावाचं सॉफ्टवेअर विकलं गेलंय ते अस्सल आहे की बनावट? हो किंवा नाही."

"सांगते ना सर. पावतीवर डब्याचा अनुक्रमांक असेल, तो वाचता का?"

पावती विष्णुपंतांनी एका झटक्यात काढली. फाइल, पान, टाचणी, सगळं जागच्या जागी. त्यांनी आकडे असे वाचले की जणू आरोपपत्रच वाचताहेत. तिकडे कळा दाबल्याचा आवाज आला. भीमाशंकर सर टेबलावर बोटं वाजवत होते आणि निकिता कपाटाला टेकून उभी होती.

"डबा आमचाच आहे, सर. अस्सल आहे."

विष्णुपंतांच्या चेहऱ्यावरची एक रेघ हलली. निकितानं श्वास सोडला तो खोलीत ऐकू आला.

"अस्सल आहे तर बंद का पडलं?"

"कारण हा परवाना अजून कुणी वापरलेलाच नाही."

"बाई, शुद्धीवर आहात ना? महिनाभर आम्ही त्यावर पत्रं काढतोय."

"ती चाचणीची मुदत होती, सर. कॉम्प्युटर सुरू केल्यापासून एक महिना सॉफ्टवेअर तसंच चालतं. तुम्ही जो डबा घेतलात त्यात सॉफ्टवेअर नाहीये. त्यात फक्त वापरायची परवानगी आहे. कार्डावर पंचवीस अक्षरांचा नंबर आहे. तो तुमच्या खात्यात टाकला की परवाना तुमच्या नावावर लागतो. तोपर्यंत विकत घेऊनही तुमच्याकडे काही नाही."

"विकत घेऊनही काही नाही! ऐकलंत सर? ही यांची विद्या." विष्णुपंत सरांकडे वळले. "तुमचं शिक्षण किती, बाई?"

"बी.एस्सी. झालंय, सर," भैरवी तशाच गोड आवाजात म्हणाली. दिवसातून चाळीस वेळा तिला कुणी ना कुणी हे विचारत असणार. "कार्ड जवळ आहे का आपल्या?"

"आमच्याकडं प्रत्येक वस्तू जवळच असते. सिद्रामप्पा, कपाट उघड. खालचा कप्पा."

सिद्रामप्पानं किल्ली लावली आणि प्लास्टिकचा डबा असा आणून ठेवला की जणू आत प्रसाद आहे. विष्णुपंतांनी झाकण काढलं. आतून पोस्टकार्डापेक्षा लहान, चकचकीत कार्ड निघालं.

"कार्डाच्या मधोमध एक राखाडी पट्टी आहे बघा," भैरवी म्हणाली. "नाण्यानं ती हलकेच खरवडा. खाली नंबर आहे."

विष्णुपंतांनी कार्ड नाकाजवळ नेलं.

राखाडी पट्टी अर्थातच होती. पण ती दिसत नव्हती. तिच्यावर पांढऱ्या ऑइलपेंटनं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, अगदी मापात, 'डे.स्टॉ. ४१७' असं रंगवलेलं होतं.

डबा आला त्या दिवशीचं विष्णुपंतांना सगळं आठवलं. कार्ड हातात घेऊन ते निरखत होते. एवढ्याशा कार्डावर चित्रं, अक्षरं, रंग यांची नुसती गर्दी, नंबर घालायचा कुठे? आणि मग त्यांना ती मोकळी राखाडी पट्टी दिसली. चष्मा कपाळावर ढकलून ते मोठ्यानं म्हणाले होते, "कंपनीलाही अक्कल आहे म्हणायची. डेडस्टॉक नंबरासाठी जागा सोडलीय. सिद्रामप्पा, इथंच घाल." सगळ्या जगात कुणाचं तरी काम पहिल्यांदाच त्यांच्या पसंतीला उतरलं होतं. निकिता तेव्हा पाठमोरी बसून शाळा सोडल्याचे दाखले लिहीत होती. तिला कार्ड दिसलं नव्हतं, पण ऐकू सगळं आलं होतं.

"सर? आहात ना?" भैरवीनं विचारलं.

"पट्टीवर... जरा रंग आहे," विष्णुपंत म्हणाले.

"रंग? कसला?"

सिद्रामप्पाला वाटलं, आपल्या कामाची चौकशी चाललीय. तो फोनकडे वाकला. "ऑइलपेंट हाय ताई. दोन हात दिल्यात. वरनं वार्निश. धा वर्सं हलनार न्हाय."

भीमाशंकर सरांना ठसका लागला आणि ते खिडकीकडे वळले.

मग जो प्रकार झाला तो सांगण्यासारखा नाही, पण सांगतो. विष्णुपंतांनी नाण्यानं खरवडलं, काही निघालं नाही. टाचणीनं खरवडलं, वार्निशाचा एक तुकडा उडाला. सिद्रामप्पानं टर्पेंटाइनचा बोळा फिरवला, तेव्हा रंग सुटला आणि सुटताना राखाडी पट्टी, पट्टीखालचा कागद आणि कागदावरची अक्षरं सगळी सोबत घेऊन गेला. पंचवीसपैकी एक के आणि सातासारखं काहीतरी उरलं. तो एकचा आकडाही असू शकला असता. तीन पिढ्यांच्या कारकुनीला वाचता न येणारा नंबर विष्णुपंतांनी स्वतःच्या हातानं तयार केला होता.

तिकडे भैरवी हसली नाही. कुठल्या शिक्षणात शिकवतात कोण जाणे, पण ती नेटकं बोलत राहिली.

"हरकत नाही, सर. पावती आहे आणि परवाना अजून कुणी वापरलेला नाही, त्यामुळे नवा नंबर मिळेल. पावतीचा फोटो, कार्डाचा फोटो आणि शाळेच्या पत्रावर प्रमुखांच्या सहीनं एक अर्ज पाठवा. नंबर कसा खराब झाला ते त्यात खरं खरं लिहा. कुणी नंबर वापरून मग खोडलेला नाही ना, हे आम्ही त्यावरून तपासतो. दोन-तीन दिवस लागतात."

"मॅडम," निकिता पुढे झाली. या वेळी तिनं विष्णुपंतांच्या परवानगीची वाट पाहिली नाही. "मला आज दोनच्या आत तक्ता भरून पायजे. दोन-तीन दिवस न्हायत माझ्याकडं."

"मग ब्राउझरमधे भरा ना. शाळेच्या ईमेलनं आमच्याकडे मोफत खातं उघडा. नेटवर असाल तोपर्यंत तिथे पत्रं आणि तक्ते फुकट करता येतात. तुमची फाइल तिथे चढवा, भरा आणि छापा. परवाना आला की मग कॉम्प्युटरवर नेहमीसारखं चालेल."

दहा मिनिटांत खातं उघडलं गेलं. निकिताची बोटं कळांवर चालू लागली. तिनं मान वर केली नाही.

आणि या दहा मिनिटांत विष्णुपंत सावरले. अशा माणसांना सावरायला फार वेळ लागत नाही, कारण पडलो होतो हेच त्यांना मान्य नसतं. फोन बंद झाल्यावर ते सिद्रामप्पाकडे वळले.

"अक्कल गहाण टाकली होतीस का रे? पट्टीवर कशाला रंगवलंस? कोपऱ्यात जागा नव्हती?"

सिद्रामप्पानं त्यांच्याकडे बघितलं. "न्हाय जी, तुमीच..." तो म्हणाला आणि थांबला. चोवीस वर्षांत त्यानं 'तुमीच' हा शब्द उच्चारून पुढचं वाक्य कधी पुरं केलं नव्हतं. "व्हय. चुकलं," तो म्हणाला.

"सर, अर्जात लिहायचं, शिपायाच्या निष्काळजीपणामुळं नंबर खराब झाला. आणि याला एक मेमो द्यायचा. शाळेच्या मालमत्तेचं नुकसान आहे हे."

"बघा तुम्ही," भीमाशंकर सर म्हणाले. त्यांनी विष्णुपंतांकडे आणि सिद्रामप्पाकडे आळीपाळीनं मान हलवली.

सिद्रामप्पा बोळा हातात घेऊन उभाच राहिला. त्याला निवृत्तीला दीड वर्ष होतं. मेमो म्हणजे काय होतं हे त्याला माहीत होतं. आधीच्या शिपायाच्या सेवापुस्तकातला मेमो पेन्शनच्या वेळी आठ महिने नडला होता.

विष्णुपंतांनी तिरक्या नजरेनं निकिताकडे पाहिलं. त्या दिवशी हिनं ऐकलं होतं. पण ही काय बोलणार? तक्ता भरून होईल, पण अभिप्रायाशिवाय तो धाराशिवला नेऊन काय करणार? अभिप्राय त्यांच्या पेनात होता. भूक लागलेलं माणूस वाढणाऱ्याशी भांडत नाही, एवढं तर कुणालाही कळतं. आणि या लोकांची सगळी हुशारी नोकरीपुरती. नोकरी दिली की ते गप्प बसतात, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं.

दीड वाजता निकितानं छापलेला तक्ता त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चूक शोधली. चूक नव्हती, याचा त्यांना किंचित राग आला. मग त्यांनी अभिप्रायाचा कागद घेतला. जुळवून ठेवलेलं ते सुंदर वाक्य आता कामाचं नव्हतं. कंपनीनंच 'अस्सल' म्हटलं होतं आणि सरांनी ते ऐकलं होतं. त्यांनी लिहिलं, 'काम समाधानकारक.' 'उत्तम' लिहिता आलं असतं. पण उत्तम त्यांनी आजवर कुणालाच लिहिलं नव्हतं. सही करून त्यांनी कागद दोन बोटांनी पुढे सरकवला.

"जा. आणि एक लक्षात ठेव. कोणता कागद कुणामुळं पुढं जातो ते विसरायचं नसतं."

"नाही विसरत, भाऊसाहेब," निकिता म्हणाली.

तिनं सरांची सही घेतली. शिक्का मारला. सगळे कागद क्रमानं लावले, फाइलला दोरी बांधली, फाइल पिशवीत घातली आणि पिशवीची चेन ओढून ती खांद्याला अडकवली. घड्याळात दोनला दहा कमी होते. विष्णुपंतांना वाटलं, आता ही पाया पडेल. गावाकडच्या मुली पडतात.

ती वळून प्रिंटरकडे गेली. तक्त्यानंतर तिनं आणखी एक कागद काढला होता, तो उलटा पडलेला होता. तो उचलून तिनं भीमाशंकर सरांपुढे ठेवला.

"सर, कंपनीचा अर्ज. यावर पन सही पायजे. आजच गेला तर सोमवारपर्यंत नंबर येईल."

सरांनी वाचला. मग चष्मा पुसून पुन्हा वाचला. त्यात लिहिलं होतं: 'मुख्य लिपिक यांनी कार्डवरील राखाडी पट्टी ही डेडस्टॉक क्रमांकासाठीच आहे असे समजून त्यावर रंगकाम करण्याचा तोंडी आदेश शिपायास दिला. शिपायाने आदेशाप्रमाणे काम केले. सदर आदेश दिला गेला त्या वेळी मी कार्यालयात हजर होते.' खाली निकितानं स्वतःचं पूर्ण नाव लिहून सही केली होती.

सरांनी विष्णुपंतांकडे पाहिलं नाही. इतकी वर्षं ते दाखवलेल्या जागी सही करत आले होते. आज जागा दाखवणारं बोट वेगळं होतं, एवढाच काय तो फरक. त्यांनी सही केली आणि पेनाचं टोपण लावता लावता म्हणाले, "मेमोचं काय ते राहू द्या मग."

विष्णुपंतांनी हात लांब करून कागद ओढला. पहिल्या ओळीपाशी त्यांचे कान तापले.

"हे काय आहे?"

"खरं कारन लिहा म्हनल्या त्या मॅडम."

"माझ्याकडून अभिप्राय घेतलास, सही घेतलीस, आणि आता—"

"सही झाली म्हनूनच," निकिता म्हणाली.

ती चिडलेली नव्हती. आवाजही चढला नव्हता. ती फक्त त्यांच्याकडे बघत होती, आणि ती नजर विष्णुपंतांनी लगेच ओळखली. चुकीची जन्मतारीख सांगणाऱ्या पालकांकडे, वर्गात ओरडणाऱ्या शिक्षकांकडे, सिद्रामप्पाकडे ते स्वतः असंच बघत आले होते. ती नजर अंगावर घेताना कसं वाटतं हे त्यांना पहिल्यांदा कळलं. त्यांनी कागद टेबलावर ठेवला. सिद्रामप्पा भिंतीकडे तोंड करून टर्पेंटाइनच्या बोळ्याची घडी घालत होता. बोळ्याची घडी होत नसते, पण तो घालत होता.

"जावक नंबर द्या, भाऊसाहेब. मला गाडी गाठायचीय."

प्रमुखाची सही झालेला कागद विष्णुपंतांनी तेहेतीस वर्षांत कधी परत केला नव्हता. तो टेबलावर आला की जावक रजिस्टर उघडायचं, हे त्यांच्या हातालाच माहीत होतं. हातानं रजिस्टर उघडलं. नंबर टाकला. 'कुणास पाठवले' मधे कंपनीचं नाव लिहिलं. 'विषय' या रकान्यात हात थोडा थांबला. मग त्यांनी लिहिलं, 'मुख्य लिपिकाच्या आदेशाने परवाना क्रमांक रंगवला गेल्याबाबत.'

निकितानं रजिस्टर स्वतःकडे फिरवलं आणि नोंद वाचली.

"तारीख राह्यली, भाऊसाहेब," ती म्हणाली.

त्यांनी तारीख टाकली.